पाच चाळीस, बंद

६ जानेवारी

प्रिय ताई,

फोनवर तू नुसती 'हं, हं' करतेस आणि मग भावोजींच्या गुडघ्यावर येतेस. म्हणून कागद घेतला. कागदावर माणसाला पूर्ण उत्तर द्यावं लागतं.

आपल्या बागेला एप्रिलमध्ये साठ वर्षं होतात. समितीने मोठ्या दरवाज्याशी दगडी पाटी लावायचं ठरवलं आहे, वर इतिहास आणि खाली सोयी. बागेचा पंप आणि नळ बारा वर्षं मीच बघतो, तेव्हा सोयींची यादी तपासायला माझ्याकडे आली. आधीच्या यादीत 'चालण्यासाठी सुमारे अर्धा किलोमीटरचा मार्ग' असं होतं. सुमारे! मी टेप घेऊन पूर्ण फेरी मोजली. चारशे अठरा मीटर भरली. बाकं बावीस लिहिली होती, ती एकवीस आहेत. बाविसाव्याचे नुसते दोन खांब उभे आहेत आणि त्यावर कावळा बसतो. पिण्याच्या पाण्याचे नळ चार, पैकी चालू तीन. चौथ्याचा वॉशर मी परवा बदलला, आता चारही चालू. मग यादी दिली.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. यादीच्या वरचा इतिहासाचा मजकूरही मी वाचला. त्यात लिहिलं आहे: 'पूर्वी येथे तळे होते. माळ्याच्या निष्काळजीपणामुळे एक लहान मुलगी बुडाली, त्यानंतर ते बुजवण्यात आले.'

ताई, माळी म्हणजे बाबा. हे दगडात कोरणार आहेत. तू, मी, माझी मुलं, सगळी जाऊ. ही ओळ राहील.

समितीचे चिटणीस निवृत्त मास्तर आहेत. त्यांना म्हणालो, "याला पुरावा काय?" ते म्हणाले, "चौकशीत त्याने कबूल केलं होतं, एवढं पुरे नाही का? पंपवाले, इतिहास म्हणजे बोअर नव्हे. जास्त खोल गेलात तर गाळच वर येईल."

मी म्हणालो, "गाळ आल्याशिवाय पाणी लागत नाही, सर." फेब्रुवारीअखेर मजकूर पाथरवटाकडे जाणार आहे. तोवर पुरावा आणला तर ओळ बदलू, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं आहे.

मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, तू तेरा. मला फक्त तळ्यात पंप लावून पाणी उपसलं ते आठवतं. तुला काय आठवतं ते सगळं लिही. वेळ, वार, कोण काय बोललं, काही गाळू नकोस.

तुझा भाऊ

*

१८ जानेवारी

प्रिय टेपमास्तर,

तुझं पत्र तुझ्या भावोजींना मोठ्याने वाचून दाखवलं. कावळ्याच्या बाकाला ते इतके हसले की गुडघ्याचं दुखणं पाच मिनिटं विसरले. माझी एवढ्या वर्षांची नर्सगिरी त्यांना जे देऊ शकली नाही, ते तुझ्या बाकाने दिलं.

आठवणींचं म्हणशील, तर एक्केचाळीस वर्षं झाली रे. कोण काय बोललं ते कुठलं आठवायला! बाबांच्या चपलांना नेहमी चिखल असायचा आणि आई त्यांना दारातच थांबवून तांब्याभर पाणी पायावर ओतायची, हे आठवतं. बागेत त्यांनी लावलेली झाडं आठवतात. ती पाटीवर घाल. कुठलं झाड कधी लावलं ते तू फांद्या मोजूनही काढशील.

आणि ती ओळ बदलण्यापेक्षा काढूनच टाकायला सांग. 'पूर्वी येथे तळे होते' एवढं पुरे. बाबा गेले, आई गेली. ज्यांचं दुःख होतं त्यांनी ते गिळलं. आता ते उकरून कोणाचं भलं होणार आहे? मोठ्या बहिणीचं एकदा तरी ऐक.

तब्येत सांभाळ. मुलांना आशीर्वाद.

तुझी ताई

*

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बरं झालं तुझं ऐकलं नाही ते. बाबा सुटले!

शांतपणे क्रमाने सांगतो.

जुनी पंपखोली पाडून तिथे नवं स्वच्छतागृह बांधणार आहेत. सोमवारी सकाळी भिंत फोडायला घेतली. गवंड्याने हाक मारली, "ओ पंपवाले, या लवकर, तुमच्या पंपाने अंडं घातलंय!" जुन्या मोटारीच्या मागे, जमिनीपासून तीन फुटांवर भिंतीत एक कोनाडा होता, दोन विटा लावून बुजवलेला. आत सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेली एक वही. बाबांची फाटकांची वही!

बाबांची अशीच एक जुनी, आधीच्या वर्षाची वही माझ्याकडे आहे, तुला ठाऊक आहे. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा. शाळा सुटली ती आठवीत. त्यानंतर जे शिकलो ते त्या वहीवर शिकलो. रोज एक पान गिरवायचो. माझं अक्षर लोक छापल्यासारखं म्हणतात, ते बाबांचं अक्षर आहे. उभं, गोल, शिरोरेघ पट्टी लावल्यासारखी. एका माळ्याने स्वतःच्या हिमतीने असं अक्षर कमावलं, तर मी पंपाची मोटार का शिकू नये, हे मी माझ्या मनाला किती वेळा सांगितलं असेल! तेव्हा कोनाड्यातली वही उघडताच क्षणात ओळखलं.

रोज एकच ओळ आहे. तारीख, फाटक, वेळ. आणि अपघाताच्या दिवशी, गुरुवारी, पानाच्या अगदी तळाशी: 'तळ्याचे फाटक, ५.४०, बंद.'

म्हणजे फाटक बंद होतं. बाबा निर्दोष होते. चौकशीत त्यांच्यावर दोन आरोप होते, फाटक उघडं ठेवलं हा एक आणि त्या वर्षीची वही ठेवली नाही हा दुसरा. वही तर ही समोर आहे! ती त्यांना सोडवील म्हणून कोणीतरी भिंतीत गाडली. मला त्या वेळच्या सुपरवायझरचा संशय आहे. पंपखोलीची एक किल्ली त्याच्याकडे असायची. तो मेला, नाहीतर घरी जाऊन विचारलं असतं.

पानाची झेरॉक्स चिटणीसांना दिली. त्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचली आणि म्हणाले, "मानलं तुम्हाला, पंपवाले." नवा मजकूर मीच लिहिला: 'तळ्याचे फाटक बंद असतानाही कुंपण ओलांडून गेलेली एक मुलगी बुडाली.' समितीने मंजूर केला.

दुसरी प्रत इस्त्रीवाल्या मावशींना नेऊन दिली. ती त्यांचीच मुलगी होती. त्या अजून बागेसमोरच्या कोपऱ्यावर टेबल मांडून इस्त्री करतात. वय त्र्याहत्तर, पण शर्टाची घडी अशी की कोन मोजून घ्यावा. म्हटलं, त्यांनी इतकी वर्षं बाबांना दोष दिला, त्यांना खरं कळलं पाहिजे. त्यांनी इस्त्री उभी केली, कागद वाचला. विचारलं, "कुंपण किती उंच होतं रे?"

मी सांगितलं, "चार फूट दोन इंच. जुन्या नकाशात आहे."

"आणि ती किती होती?"

हे मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी कागद घडी करून टेबलाच्या चादरीखाली ठेवला आणि पुढचा कपडा घेतला.

आता सांग, उकरलं ते बरं झालं की नाही?

तुझा भाऊ

*

१२ फेब्रुवारी

प्रिय भावा,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. रोज कागद घेऊन बसते आणि उठते. भावोजी म्हणाले, "इंजेक्शन देताना तू पेशंटला काय सांगायचीस? मोजायच्या आत झालं." तेव्हा लिहिते.

वहीतलं अक्षर बाबांचं नाही. माझं आहे.

बाबांना लिहितावाचता येत नव्हतं. सही तेवढी मी शिकवली होती, चित्र काढावं तशी ते काढायचे. नोकरीला लागताना 'येतं' म्हणाले होते, आणि मग वही गळ्यात पडली. रोज घरी आले की ते सांगायचे आणि मी लिहायची. ही गोष्ट घराबाहेर जायची नाही, अशी आईची ताकीद होती. तू लहान होतास, पोटात काही राहायचं नाही, म्हणून तुलाही नाही. तुला आठवतं, ते तुला पेपर वाचायला लावायचे? "तू वाच, मी ऐकतो, चुकलास की सांगेन." त्यांनी कधी तुझी एक तरी चूक काढली का?

कारखान्याचा भोंगा पाच चाळीसला व्हायचा आणि त्यावर ते फाटक लावायचे. रोज तीच वेळ. मग मी त्यांची वाट कशाला बघू? त्या आठवड्यात माझी वार्षिक परीक्षा होती. गुरुवारी दुपारी शाळेतून आले आणि चार दिवसांच्या ओळी एकदम लिहून मोकळी झाले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. तू गुरुवारची ओळ वाचून थांबलास. पान उलट.

त्या संध्याकाळी कारंज्याचा पंप पाल्याने अडकला होता. बाबा खड्ड्यात उतरून तो सोडवत होते. भोंगा त्यांनी ऐकला, "एवढं झालं की जातो" म्हणाले, आणि राहिलं. एवढंच झालं. कुणी कट केला नाही. तुला पंपाची एवढी ओढ, म्हणून हे सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही.

घरी आले तेव्हा अंगावरचे कपडे ओले होते. तिला बाहेर त्यांनीच काढलं होतं. कपडे न बदलता मला म्हणाले, "आज काय लिहिलंयस? वाच." मी वाचलं. पाच चाळीस, बंद. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग वही काखेत घेतली. म्हणाले, "हे खरं नाही, पोरी. पण तुझं काही चुकलं नाही. तू वही पाहिलेलीच नाहीस."

ती वही दाखवली असती तर नोकरी वाचली असती, तू म्हणतोस ते अगदी खरं. त्यांनी 'वही ठेवलीच नाही' म्हणून सांगितलं. पहिला आरोप त्यांचा होता. दुसरा त्यांनी माझ्यासाठी घेतला. भिंतीत वही त्यांनीच ठेवली असणार. जाळायला हात धजला नसेल. लिहिलेल्या कागदाचं त्यांना फार अप्रूप होतं.

त्या दिवसानंतर मी अक्षर बदललं. उभं लिहायची, ती तिरकं लिहायला लागले. बाईंनी विचारलं तर म्हटलं, बोट दुखावलंय. तुला माझ्या पत्रांत कधी काही ओळखू आलं नाही, ते त्यामुळे.

तू जुनी वही गिरवतोस हे आईने मला सांगितलं होतं. तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि त्या वहीशिवाय तुझ्याजवळ काही नव्हतं. कोणत्या तोंडाने हिसकावून घेऊ?

ताई

*

२० फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं.

पान उलटलं. चौकशीच्या कागदांप्रमाणे शुक्रवारी तळं उपसलं जात होतं, पोलीस उभे होते, फाटक बिजागऱ्यांसकट काढून ठेवलेलं होतं, आणि वहीत आहे: 'तळ्याचे फाटक, ५.४०, बंद.' शनिवारी तसंच. रविवारी तसंच.

मी लोकांच्या मोटारी दुरुस्त करताना शेवटचा नट हातात येईपर्यंत काम सोडत नाही. दुसऱ्याने 'सुमारे' लिहिलं तर मला चालत नाही. आणि इथे एक पान उलटलं नाही. हवं ते सापडलं आणि वही मिटली.

तू मला चाळीस वर्षं फसवलंस हे मी विसरणार नाही. बाबा मला माझ्यासारखे वाटायचे. शिकायला कुणी नाही, तरी शिकलेले. आता कळतं की ते शिकलेच नव्हते, आणि मी एका शाळकरी मुलीचं अक्षर गिरवत होतो.

तुझंच पहिलं म्हणणं मान्य करतो. चिटणीसांना सांगून ओळ काढून टाकतो. 'पूर्वी येथे तळे होते.' यापुढे हा विषय नको.

भाऊ

*

२८ फेब्रुवारी

प्रिय भावा,

रागाव. तुझा हक्क आहे, मी त्याच्या आड येणार नाही.

पण ओळ काढू नकोस. काढ म्हणून मी सांगितलं होतं ते बाबांसाठी नव्हतं. माझं झाकलेलं राहावं म्हणून होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

आणि ओळ काढून तुझी सुटका होत नाही. तू त्या माऊलीच्या हातात कागद दिलास की तिची मुलगी कुंपण चढून गेली. तो कागद अजून तिच्या चादरीखाली आहे. बाबांनी एवढं सगळं सोसलं, पण त्या पोरीवर बोट ठेवलं नाही. ते आपण दोघांनी मिळून ठेवलं, मी लिहून आणि तू वाचून.

माझ्या नावाने सांग. हवं तर हे पत्र दाखव. वही मुलीने लिहिली होती, आधीच लिहिली होती, असं स्पष्ट सांग. पण जा. मी तिथे असते तर तुझ्या आधी गेले असते, असं म्हणणार नाही. एक्केचाळीस वर्षांत गेले नाही.

ताई

*

११ मार्च

प्रिय ताई,

गेलो होतो. उशीर केला. चार दिवस शर्ट घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचो आणि तसाच परत यायचो. शेवटी बायको म्हणाली, "इतके चुरगळलेत, आता इस्त्रीला द्यायला तरी जा."

आधी चिटणीसांकडे गेलो. झेरॉक्स परत मागितली आणि कारण सांगितलं. मला वाटलं होतं, 'बघा, म्हणालो होतो ना, गाळ येईल' असं म्हणतील. म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "आता काय लिहायचं?" मी म्हणालो, "आणखी एका माणसाला विचारून सांगतो." पाथरवटाला थांबवून ठेवलं.

दुपारी अडीचला मावशींकडे गेलो. त्या वेळी गिऱ्हाईक नसतं. शर्ट टेबलावर ठेवले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. बाबांना लिहिता येत नव्हतं, वही तू लिहायचीस, चार दिवसांचं एकदम लिहिलंस, फाटक उघडं होतं. पंपाचंही सांगितलं. त्या शर्टांवर पाणी शिंपडत होत्या. हात थांबला नाही. माझं बोलणं संपल्यावर इस्त्री उभी केली आणि म्हणाल्या, "बस."

त्यांच्या पत्र्याच्या डब्यावर बसलो.

"ती भित्री होती रे," त्या म्हणाल्या. "स्टुलावर उभं केलं तरी रडायची. कुंपण कुठली चढतेय! हे मला माहीत होतं. तिला मी जन्म दिला, आणि तू एक कागद आणलास तर मी माझंच खोटं मानलं. दीड महिना मी तिच्यावर चिडले होते. का चढलीस, कशाला चढलीस, म्हणून मनातल्या मनात बोलायची. एवढ्या वर्षांत पोरीवर कधी रागावले नव्हते. तुझ्या कागदाने ते करवलं."

मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "हात खाली घे. तुझा बापही असाच उभा राहिला होता. तिसऱ्या दिवशी आला, इथेच. म्हणाला, फाटक माझ्या हातून राहिलं. मी त्याला माफ केलं नाही. आजही केलेलं नाही. पण तो खोटं बोलला नव्हता. तुझा तो कागद वाचल्यापासून मला वाटत होतं, तेही खोटं होतं की काय? मग इतकी वर्षं मी धरून काय बसले?"

ताई, मी बाबांना सोडवायला निघालो होतो. त्यांचं एकच खरं वाक्य या बाईपाशी जपून ठेवलेलं होतं, आणि तेच मी खोडायला गेलो होतो.

तुझं पत्र मी दाखवलं नाही. त्यांनीच विचारलं, "लिहिणारी केवढी होती?" म्हटलं, तेरा. त्यांनी शर्टाची कॉलर हाताने सरळ केली. मग म्हणाल्या, "तिला सांग, तिच्यावर माझा राग नाही. तेराव्या वर्षी कुणाला कळतं, उद्या कसा येणार ते." हे शब्द जसेच्या तसे आहेत. त्यांच्यासमोरच पाकिटावर टिपून घेतले.

चादरीखालचा कागद त्यांनी स्वतः काढून माझ्या हातात दिला. मी तिथेच फाडला.

मग खिशातून नवा मजकूर काढून त्यांच्यापुढे ठेवला. म्हणालो, "तुम्ही हो म्हणालात तरच कोरायचा. नाहीतर पाटीच नको."

'येथे तळे होते. एका संध्याकाळी त्याचे फाटक उघडे राहिले आणि चालत आत गेलेली सात वर्षांची मुलगी बुडाली. फाटक लावणे माळ्याचे काम होते. त्याने आपली चूक कबूल केली. त्यानंतर तळे बुजवले.'

त्यांनी चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचलं. दोनदा. 'चालत' या शब्दापाशी बोट थांबलं. मला वाटलं, तो शब्द नको म्हणतील. बोट पुढे सरकलं. शेवटपर्यंत गेलं आणि पुन्हा मागे आलं.

"सात नाही," त्या म्हणाल्या.

"चौकशीच्या कागदात सात आहे, मावशी."

"असू दे कागदात. सहा वर्षं आणि आठ महिने. सातवा वाढदिवस यायचा होता."

मी पेन्सिल काढली, 'सात वर्षांची' खोडलं आणि वर 'सहा वर्षे आठ महिन्यांची' लिहिलं. त्यांनी अक्षर नीट पाहिलं आणि मान हलवली. आज सकाळी पाथरवटाने कोरायला घेतलं. मार्ग चारशे अठरा मीटर, बाकं एकवीस, नळ चार, सगळं मी पुन्हा जाऊन मोजून आलो. त्या पाटीवर एवढा एकच आकडा असा आहे, जो मी तपासलेला नाही.

तुझा भाऊ